मिठाच्या कोठारातलं विमान

भाऊजी,

विमान आकाशातून येतं अशी माझी समजूत होती. आपल्याकडे ते पाण्यातून आलं. कल्याणच्या धक्क्यावर मिठाच्या पडावात घालून, पंख आडवे बांधून, ओहोटीच्या पाण्यावर तुम्ही ते बाळकुमला आणलंत. बांधावर उभ्या असलेल्या बायकांना वाटलं की वरच्या अंगाकडून कुणाच्या तरी घराचं छप्पर वाहून आलंय. तुम्ही नाळेवर, पडावाच्या पुढच्या टोकाला, उभे होता आणि सगळ्यांना हात करत होता. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, मात्र चिखलात उतरून पडावाजवळ गेले, सगळं नीट बघितलं आणि म्हणाले, "जनू, ह्या काय आनलास? ह्याच्यात मीठ भरायचा का?"

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. मी शाळेत आजच्या दिवसाची रजा टाकली आहे आणि सातवीच्या वह्या तपासायला घेऊन बसले आहे, पण त्यांतली एकही उघडली नाही. खूप दमले आहे. रडून दमले असं कुणाला वाटेल, पण खरं सांगायचं तर चहा करून दमले. घरात मी तुमच्यासारखीच बोलते, तरी हातात लेखणी आली की शाळेतली भाषा येते. तुम्ही त्यावरून मला चिडवायचात. आज तेवढं चालवून घ्या.

येणारा प्रत्येक जण एकच सांगत होता, की जनू माणूस भला, पण त्या विमानानं खाल्ला त्याला. मी प्रत्येकाला सांगितलं की तुम्हाला कावीळ झाली होती. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विमानावर आले. लोकांचं काय चुकलं म्हणा. ज्या माणसानं लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, आपल्या वाटणीचं मिठागरसुद्धा ठेवलं नाही, त्याच्याबद्दल बोलायला त्यांच्याजवळ दुसरं होतं तरी काय. माझ्याजवळ आहे, आणि ते तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमचं वेड कुठून सुरू झालं ते मी पाहिलेलं नाही, तुमच्याच तोंडून ऐकलं. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या पलीकडच्या लष्करी मैदानावरून विमानं उठायची आणि खाडीवरून खाली खाली येत समुद्राकडे जायची. आवाज आला की आगरातली सगळी माणसं मीठ ओढायची फळी टाकून खाली बसायची. तुम्ही उभे राहायचात. मग तुम्ही तिथंच मजुरीला गेलात. काम विमानं पुसायचं. रोज सकाळी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं, नाकापासून शेपटीपर्यंत. विमान एक दिवसही न पुसता ठेवायचं नसतं, हे तुम्ही तिथं शिकलात आणि आपल्या घरी येऊन मला शिकवलंत.

लढाई संपली तेव्हा त्याच मैदानावर विमानं कुऱ्हाडीनं तोडायला काढली. पुसणाऱ्यांनाच तोडायला लावलं. तुम्ही दोन दिवस तोडलीत आणि तिसऱ्या दिवशी ठेकेदाराला म्हणालात, मजुरी नको, हे एक द्या. त्यातलं इंजिन आधीच काढून नेलं होतं, नुसतं अंग आणि पंख उरले होते. एका माणसाचं लढाऊ विमान. त्या दोन दिवसांबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. पण कोठारात लाकडं फोडायची वेळ आली की तुम्ही कुऱ्हाड दादांच्या हातात द्यायचात, हे माझ्या लक्षात आलं होतं.

ठेवायचं कुठं हा प्रश्न आला. एवढी मोठी कोरडी जागा आपल्याकडे एकच, मिठाचं कोठार. दादा म्हणाले, मिठात लोखंड ठेवायचं नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. खरंच होतं ते. आपल्या आगरातली फळी लाकडाची, टोपल्या वेताच्या, दाराची कडीसुद्धा लाकडाची. त्यावर तुम्ही म्हणालात, "दादा, ह्या लोखंडच नाय." आणि माझ्याकडे बघितलंत. मी शाळेच्या कपाटातला घोड्याच्या नालेसारखा लोहचुंबक पदरात घालून आणला. घरची सगळी माणसं कोठारात जमली. तुम्ही लोहचुंबक पंखावर टेकवला आणि हात काढला. तो घसरत घसरत खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. सासूबाई म्हणाल्या, "बाई बोलतेय तं खरा असंल." आणि बाई म्हणाली, मोठ्या तोऱ्यात म्हणाली, की जे लोहचुंबकाला चिकटत नाही ते लोखंड नाही आणि जे लोखंड नाही त्याला मीठ खात नाही.

पहिलं वाक्य पुस्तकात होतं, भाऊजी. दुसरं माझ्या पदरचं होतं.

तेव्हापासून ते कोठारात राहिलं. तुम्ही पार्ट शोधायला कुर्ल्याला, मुंबईला, कुठं कुठं जायचात. मग पुसायचं काम माझ्याकडे यायचं. शाळेतून आले की जुन्या लुगड्याचं फडकं घ्यायचं आणि सुरू करायचं. पंखांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या डोक्यांभोवती पांढरी भुकटी धरलेली असायची. मिठाच्या कोठारात पांढरी भुकटी दिसली तर ती कशाची असणार. आपल्या घरात तांब्यावर मीठ, उंबऱ्यावर मीठ, माणसांच्या पायांच्या भेगांत मीठ. मी पुसायची, दारात जाऊन फडकं झटकायची आणि पुन्हा येऊन पुसायची. दुसऱ्या दिवशी तेवढीच भुकटी तिथं हजर. तुम्ही म्हणायचात, "वैनी, आपला मीठ लय मायाळू, परत परत येतंय."

याची किंमत काय पडली ते दादा तुमच्या तोंडावर बोलले, मी बोलले नाही. ज्या वर्षी वैशाखात अवकाळी पाऊस आला त्या वर्षी मीठ बाहेर रचलं होतं, कारण कोठारात विमान होतं. गवताचं शाकारणं उडालं आणि सगळ्या हंगामाचं मीठ एका दुपारी खाडीत परत गेलं. दादा भिजत उभे होते. तुम्ही कोठाराच्या दारात कोरडे उभे होता. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं तुटलं. "त्याला सांग जेवायला बसायला." "दादाला सांग मी उद्या कल्याणला चाललोय." एका पाटावर तुम्ही, एका पाटावर ते, आणि मधे मी वाढायला. इतकी वर्षं तुमचे निरोप पोचवले की कधीकधी कोण काय म्हणालं ते मलाच आठवेनासं व्हायचं.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी डोंबिवलीचे एक गृहस्थ आले. विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात नोकरीला होते. तुम्हीच कुणाकरवी त्यांना निरोप धाडला होतात, येऊन पंख बघून जा म्हणून. तुम्ही नेमके त्या दिवशी विमानाच्या काचेसाठी कुर्ल्याला गेला होता. मी त्यांना कोठारात नेलं. मी पुसतच होते. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही काय पुसताय?"

"मीठ."

त्यांनी बोटावर भुकटी घेतली आणि जिभेला लावली. मग खिशातून छोटा चाकू काढला आणि पंख जिथं अंगाला जोडतात तिथं टोक टेकवलं. जोर केला नाही. चाकू आत गेला. पत्र्याचे चिरोट्यासारखे पदर सुटले आणि खाली पडले. ते म्हणाले, "हे मीठ नाही. हा पत्राच आहे. मिठाच्या हवेत त्याची अशी भुकटी होते. लोखंडाचा गंज लाल, याचा पांढरा. रोज पुसताय ते विमानच पुसताय तुम्ही."

मी खाली बसले. मग ते म्हणाले की आता यावर दमडीसुद्धा घालू नका, हे कधी उडायचं नाही, इंजिन बसवलं तर तेवढ्या धक्क्यानं पंख सुटेल. तुमच्यासाठी थांबतो म्हणाले. मी म्हणाले, तुम्ही जा, मी सांगते. मी सांगते असं मीच म्हणाले, भाऊजी. कुणी माझ्या गळ्यात घातलं नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही आलात. काच अंगातल्या सदऱ्यात गुंडाळली होती आणि तुम्ही उघडेच चालत आला होता. "बघ वैनी, एक पन चरा नाय." ताटावर बसूनही काच मांडीवर होती. मी भात वाढला. म्हटलं, उद्या सांगू. उद्या तुम्ही ती बसवत होता. परवा शाळेची तपासणी होती. मग सासूबाईंचं आजारपण आलं. मग इतके दिवस का सांगितलं नाही हे सांगावं लागेल म्हणून सांगितलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं. तुमचं मन मोडेल म्हणून गप्प राहिले असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं, पण त्यात अर्ध्याहून जास्त भीती माझ्या स्वतःच्या मोडण्याची होती. घरात बाई म्हणून मान होता तो त्या लोहचुंबकावर उभा होता.

आणि मी पुसत राहिले. पुसायचं थांबवलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत. म्हणून रोज शाळेतून येऊन, कळत असूनही, फडकं घेऊन मी तुमचं विमान थोडं थोडं दाराबाहेर झटकत होते.

त्याच वर्षी तुम्ही इंजिनासाठी खालच्या बांधाकडची वाटणी विकलीत. विक्रीचा कागद मी लिहून दिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. मी लिहिला. शाईचा डाग पडला तर पुन्हा कोऱ्या कागदावर लिहिला. सही करताना तुम्ही म्हणालात, "आता एकच काम उरलाय वैनी." कळव्याच्या मुलीकडची माणसं लग्नाची बोलणी करायला आली तेव्हा त्यांनी जमीन विचारली. तुम्ही त्यांना कोठारात नेऊन खोक्यातलं इंजिन दाखवलंत. ती माणसं चहा न घेता गेली. मुलगी छान होती, मी पाहिली होती तिला. तिचे दोन भाऊ मागाहून माझ्याशी चांगलं बोलले, पण तोवर तिचं दुसरीकडे ठरलं होतं.

मी तोंड उघडलं असतं तर यातलं काय काय टळलं असतं, याचा हिशोब मी शाळेत जाता येता करते. तो जमत नाही. विमान गेलं असतं हे नक्की. बाकीचं तुमच्या हाती राहिलं असतं.

रागावू नका, पण मधूनच मला दुसरंही आठवतं. एकदा तुम्ही मला त्यात बसवलंत. नऊवारी नेसून चढायचं म्हणजे काय दिव्य होतं, खालून तुम्ही शिडी धरली होती आणि हसू दाबत होता. आत जुन्या तेलाचा आणि चामड्याचा वास होता. तुम्ही म्हणालात, उजवा पाय दाब. मी दाबला. "आता मागं बघ." लांब मागे शेपटीचं उभं पान हळूच वळलं. माझ्या पायानं. मी डावा दाबला, ते तिकडे वळलं. किती वेळ मी तेच करत बसले होते. कोठाराचं दार उघडं होतं, समोर आगरं पांढरी दिसत होती आणि त्या वेळी मला वाटलं की हे इथून निघेल. माझ्या आयुष्यात एवढं मोठं काही माझ्या पायानं दुसऱ्यांदा हललं नाही. त्यासाठी मी तुमचे आभार मानायला हवे होते, पण खाली उतरताना पदर अडकला आणि मी तुमच्यावरच ओरडले.

आपलं भांडणही राहून गेलं. डाव्या पंखावर तीन ठिगळं होती, घाईनं मारलेली. गोळ्या लागून भोकं पडली होती तिथली. तुम्हाला नेहमी प्रश्न पडायचा की ही ठिगळं कुणी मारली असतील, कुठं, रात्री की दिवसा, त्याच्या हाताला थंडी वाजत होती का. मी विचारायची, आणि ज्याच्यावर या विमानानं गोळ्या झाडल्या त्याचं घर कुणी शाकारलं? तुम्ही चिडायचात. म्हणायचात, वैनी, तू मास्तरणी, तुला दुसरं सुचायचंच नाही. एकदाच तुम्ही गंभीर होऊन म्हणालात, "मारायला केला व्हता, त्या खरा हाय. आता त्याला कोन मारायला लावनार नाय. म्हनून तं आनलाय." मी म्हणाले की यावर उद्या बोलू. माझं उद्या हे असंच.

ठाण्याच्या इस्पितळात तुमचे डोळे हळदीसारखे झाले होते. दादा बाहेर बाकावर बसून असायचे, आत यायचे नाहीत. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही डोळे उघडलेत आणि मला विचारलंत, "वैनी, पुसलास ना?" मी त्या दिवशी पुसलं नव्हतं. तुम्हाला ठाण्याला आणलं तेव्हापासून मी कोठारात पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हणाले, "हो, पुसलं." तुम्ही म्हणालात, "मोडीत नको देऊस." मी तुमच्या अंगावरची चादर नीट केली. पहाटे तुम्ही गेलात.

आज सकाळी दादांनी मोडवाल्याला बोलावलं. कल्याणच्या छावणीतला आहे, फाळणीत सगळं टाकून आलेला वयस्क माणूस. लढाईतली विमानं वितळवून पातेली आणि डबे करणाऱ्यांना माल पुरवतो. मी कोठाराच्या दारात उभी राहिले. तुम्ही नको म्हणाला होता आणि मी दादांना तेही सांगितलं नव्हतं. त्यानं आधी खोक्यातलं इंजिन बघितलं आणि खूश झाला. म्हणाला, चांगलं आहे, कुणाच्या तरी कामाला लागेल. चांगलं असणारच, त्याला मी कधी हात लावला नव्हता.

मग तो पंखाकडे गेला. अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला. त्यानं भुकटी तळहातावर घेऊन दादांना दाखवली आणि म्हणाला, "इसका बर्तन नहीं बनेगा, सेठ. इसमें धातु बचा ही नहीं."

दादा म्हणाले, "मीठ हाय त्या. पुसला का निंघतंय."

"नमक नहीं है."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. लोहचुंबकापासून डोंबिवलीच्या गृहस्थांपर्यंत, विक्रीच्या कागदापर्यंत, सगळं. मोडवाला माणूस समजूतदार, तो इंजिनाच्या दोऱ्या बघायच्या निमित्तानं बाहेर गेला. दादा खालीच बसले, विमानाच्या चाकाला टेकून. तिथूनच म्हणाले, "तीन वर्सां तुला ठाव व्हता. आन् त्याला सांगितला नायस?"

मला राग आला. मी म्हणाले, "तुमी तरी बोलत व्हता का त्याच्यासंगती?"

"मी नाय बोललो," दादा म्हणाले. "तू बोलायचीस."

एवढंच बोलले, भाऊजी. आवाजही चढवला नाही. जन्मभर लक्षात राहील असं दुसरं काही त्यांना बोलताच आलं नसतं.

इंजिन गाडीत चढलं. पंखांना आणि अंगाला मोडवाल्यानं हात लावला नाही, म्हणाला, फुकट दिलं तरी बैलांना ओझं नको. तुमचा शब्द राहिला, पण त्यात माझा काही हात नाही. की आहेच, तेही मला समजेनासं झालं आहे. गाडी बांधावरून गेली तशी दादा उठले, धोतर झटकलं, कोठाराचं दार ओढून घेतलं आणि आगराकडे बघत म्हणाले, "हंगाम जवल आलाय. यंदा पन मीठ भाईरच रचू." आणि शाकारणीचं गवत सांगायला निघून गेले.

मी दार पुन्हा उघडलं आणि आत गेले. तुमच्या आजारापासून कुणी फडकं फिरवलेलं नाही. पंखांवर, सांध्यांवर, तुम्ही बसायचात त्या जागेच्या कडेवर जाड पांढरा थर आला आहे. लुगड्याचं फडकं खुंटीवर होतं. ते काढलं, घडी घातली आणि आसनावर ठेवून बाहेर आले.

तुम्ही विचारलं होतंत. नाही पुसलं, भाऊजी.